उत्साहाचे कूळ

गणपती, दहीहंडी, निवडणुकीची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन, प्रसंग कोणताही असो, बातमीत उत्साह हा शब्द आल्याशिवाय राहत नाही. त्या उत्साहाला उधाण येते, तो ओसंडून वाहतो, पाऊस पडला की त्यावर विरजण पडते आणि दुसऱ्या दिवशी तो ओसरलेला असतो. या सगळ्या वाक्प्रयोगांतून डोळ्यांपुढे उभी राहते ती चढणारी आणि उतरणारी वस्तू. माणसे जमली, वाद्ये वाजली, रंग उधळले की ती भरून येते, माणसे पांगली की संपते. आजच्या मराठीत उत्साह म्हणजे आनंदाची दृश्य, गजबजलेली अवस्था, असे कोणी म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. पण या शब्दाच्या दीर्घ आयुष्यातला हा अलीकडचा मुक्काम आहे. त्याआधी शतकानुशतके वैयाकरण, कोशकार, नाट्यशास्त्रकार, राजनीतिकार आणि वैद्य हा शब्द वापरत होते, आणि त्यांच्या मनात जी गोष्ट होती तिचे मुख्य लक्षणच मुळी न ओसरणे हे होते. उत्साहाचे जवळचे नाते हर्षाशी नसून धैर्याशी आणि उद्योगाशी आहे, हे या प्रकरणात दाखवायचे आहे. हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीच्या हौसेचा नाही. माणसाला कामाशी बांधून ठेवणाऱ्या एका मोठ्या शक्तीचे नाव आपण जत्रेच्या गजबजाटाला दिले, तर त्या शक्तीविषयी बोलायला आपल्याजवळ शब्द कमी पडतो.

शब्दाची घडण सरळ आहे: उद् हा उपसर्ग आणि सह् हा धातू. सह् म्हटले की आपल्याला सहन, सहिष्णू, असह्य, दुःसह हे शब्द आठवतात, आणि सगळ्यांत सोसण्याचा अर्थ दिसतो. ऋग्वेदात मात्र हा धातू सोसण्यापेक्षा जिंकण्याचा, समोरच्यावर मात करण्याचा आहे. त्यापासून झालेले सहस् हे नाम म्हणजे मात करणारे बळ. अग्नीला तिथे वारंवार या सहसाचा पुत्र म्हटले आहे. दोन अरणी नेटाने घासल्या की अग्नी प्रकटतो, म्हणजे तो बळातून जन्मलेला. याच सहस् शब्दाची तृतीया सहसा. तिचा मूळ अर्थ ‘बळाने’, त्यावरून संस्कृतात ‘एकाएकी’, आणि मराठीत येईपर्यंत ‘बहुधा’. साहस हाही त्याच घरातला. मनुस्मृतीत साहस हे व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक आहे आणि त्याचा अर्थ आहे बळजबरीचा गुन्हा. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव आहे: प्रथम साहस २५० पण, मध्यम ५०० पण, उत्तम १००० पण. आज आपण ज्याला साहस म्हणून शाबासकी देतो, त्या नावाखाली एके काळी दंड वसूल होत असे. भारताबाहेरच्या भगिनीभाषांतही या धातूचे नातलग सापडतात. जर्मन भाषेतला विजयवाचक ‘झीग’ हा शब्द त्याच मुळाचा, आणि ग्रीक भाषेत ते मूळ ‘धरून ठेवणे’ या अर्थाने स्थिरावले. होमरच्या काव्यातील ट्रॉयचा रक्षणकर्ता हेक्टर याच्या नावाचा अर्थ धरून ठेवणारा, टिकवून धरणारा असाच लावतात. जिंकणे, धरून ठेवणे, सोसणे या तीन क्रिया आपल्याला वेगळ्या वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच चित्र आहे. समोरून दाब येतो आहे आणि माणूस त्यापुढे मागे हटत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. शब्दाचा उगम म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. वर सांगितलेली सहसाची गोष्टच त्याचा पुरावा आहे. ‘असे आंबे सहसा मिळत नाहीत’ असे म्हणणाऱ्याच्या मनात बळाचा लवलेश नसतो. मग धातूच्या जोरावर उत्साहाला धैर्याच्या पंगतीत का बसवायचे? हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे, आणि म्हणून धातू बाजूला ठेवून प्रत्यक्ष वापर पाहायला हवा. संस्कृतात उत्सहते हे क्रियापद दुसऱ्या क्रियेच्या तुमन्त रूपाबरोबर येते: अमुक करायला तो उत्सहते, म्हणजे तो ते करू धजतो, त्याला ते करण्याचे बळ होते. ‘न उत्सहे’ म्हणजे माझ्याने ते करवत नाही. पाणिनीने तुमुन् प्रत्यय कोणत्या धातूंबरोबर येतो ते सांगताना शक् म्हणजे समर्थ असणे, धृष् म्हणजे धजावणे, यांच्या रांगेत सह् दिला आहे. उत्सहते या क्रियापदाने आनंदाची बातमी मिळत नाही, कर्त्याची एखाद्या कामाला सामोरे जाण्याची तयारी कळते. अमरकोश तर यावर जवळजवळ निकालच देतो. अमरसिंहाने उत्साहाचा पर्याय दिला आहे अध्यवसाय, म्हणजे निश्चय. आनंदाचे पर्याय त्याने वेगळ्या ठिकाणी एकत्र केले आहेत, प्रीती, प्रमद, हर्ष, प्रमोद, आमोद, आनंद. त्यांत उत्साह नाही. सणसमारंभाचे पर्याय तिसऱ्या जागी, क्षण, उद्धर्ष, मह, उद्धव, उत्सव. त्यांतही उत्साह नाही. उत्सव हा शब्द कानाला उत्साहाचा भाऊ वाटतो खरा, पण तो सू म्हणजे चालना देणे या वेगळ्या धातूचा. दोघांत सामाईक आहे तो फक्त उपसर्ग, आणि उपसर्गावरून कूळ ठरत नाही. उल्हासातही उद् आहे, उद्योगातही आहे आणि उद्यमातही आहे.

सर्वांत भरघोस पुरावा नाट्यशास्त्रात आहे. भरताने मनाच्या भावांची जी मांडणी केली, तिच्यात आठ स्थायी भाव आहेत: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. त्यांशिवाय तेहेतीस व्यभिचारी भाव आहेत, जे येतात, क्षणभर रंग भरतात आणि जातात. आता आज आपण ज्याला उत्साह म्हणतो त्याचे घटक या मांडणीत कुठे पडतात ते पाहावे. हर्ष व्यभिचारी, आवेग व्यभिचारी, औत्सुक्य व्यभिचारी, चपलता व्यभिचारी, मद व्यभिचारी. मिरवणुकीतली एकूण एक खळबळ त्या तेहेतिसांत वाटली गेली आहे. उत्साह मात्र स्थायी, म्हणजे हे सगळे तरंग ज्याच्यावर उठतात ते खालचे पाणी. तो कशातून उपजतो हेही भरत सांगतो, अविषाद, शक्ती, धैर्य, शौर्य. पहिलेच कारण अविषाद आहे, खचून न जाणे. नटाने तो रंगमंचावर कसा दाखवावा, याच्या उत्तरात पहिला शब्द आहे स्थैर्य, आणि मग धैर्य, त्याग, वैशारद्य. उड्या मारणे, आरोळ्या ठोकणे, नाचणे यांचा त्यात उल्लेख नाही. वीररसाच्या विभावांत सर्वांत आधी असंमोह येतो, म्हणजे बुद्धी गोंधळलेली नसणे, आणि मग अध्यवसाय, नय, विनय. रौद्र आणि वीर या दोन्ही रसांत शस्त्रे परजली जातात, पण रौद्राच्या तळाशी क्रोध आहे आणि वीराच्या तळाशी उत्साह, आणि दोघांना वेगळे करते ते हेच, की क्रोधात माणसाचे भान सुटते आणि उत्साहात ते शाबूत असते. बेभान उत्साह हा आज आपल्याला सहज सुचणारा शब्दप्रयोग. भरताच्या परिभाषेत तो वदतोव्याघात ठरेल.

भरताने उत्साह हा उत्तम प्रकृतीच्या माणसांचा भाव म्हटला आहे, हे इथे लपवून चालणार नाही. म्हणजे राजे, सेनापती, थोर नायक यांच्यापुरती ही गोष्ट. नांगरामागे चालणाऱ्या किंवा चुलीपुढे बसणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही, असा अर्थ कोणी काढला तर त्या काळच्या समाजाकडे पाहता तो खोटा म्हणता येत नाही. माझ्या मते ही मर्यादा नाटकाची आणि त्या समाजव्यवस्थेची आहे, भावाची नाही. अविषाद, धैर्य, त्याग आणि निपुणता ही ज्याची कारणे आणि चिन्हे, तो भाव कोणाच्या जन्मावर अवलंबून राहू शकत नाही. आणि रंगमंचाबाहेर हा शब्द गेला तेव्हा तो मोजमापाच्या, हिशेबाच्या जगात गेला. कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या तीन शक्ती आहेत. ज्ञान आणि सल्लामसलतीचे बळ ती मंत्रशक्ती, कोश आणि सैन्याचे बळ ती प्रभुशक्ती, पराक्रमाचे बळ ती उत्साहशक्ती. राजाच्या अंगी कोणते उत्साहगुण हवेत याची यादी चार शब्दांची आहे: शौर्य, अमर्ष, शीघ्रता, दाक्ष्य. अमर्ष म्हणजे अपमान सहन न होणे, आणि दाक्ष्य म्हणजे कामातले कसब. उत्साहाच्या यादीत कसब यावे ही फार सूचक गोष्ट आहे, कारण कसब एका संध्याकाळी अंगात येत नाही. पुढे नवव्या अधिकरणात कौटिल्य पूर्वाचार्यांशी वाद घालतो. ते म्हणतात, उत्साह आणि प्रभाव, म्हणजे प्रभुशक्ती, यांत उत्साह श्रेष्ठ. निरोगी, शूर, शस्त्रनिपुण राजा थोड्या सैन्यानिशीही संपन्न राजाला जिंकतो. कौटिल्य म्हणतो, नाही. ज्याच्याजवळ साधने आहेत तो शूरांना आपल्याकडे वळवून घेतो, विकत घेतो. आणि दोहोंपेक्षा मंत्रशक्ती वरचढ. म्हणजे उत्साहाला त्याने तिसरे स्थान दिले. एवढ्यावरून त्याचा उत्साहाला विरोध होता असे समजू नये. ज्या गोष्टीची तुलना खजिन्याशी आणि सैन्याशी करावी लागते, ती गोष्ट क्षणिक लहर नसते. कौटिल्याच्या तराजूत उत्साहाचे वजन कमी भरले, पण तो तराजूत ठेवण्याजोगा माल होता.

आता माझ्या म्हणण्याला खरा अडथळा येतो तो चरकाकडून. चरकसंहितेत प्रकृतिस्थ दोषांची कामे सांगितली आहेत. स्थिरत्व, बळ, क्षमा, धृती ही कामे कफाची. उत्साह मात्र वाताकडे, आणि त्याच्या शेजारी उच्छ्वास, निःश्वास, चेष्टा, म्हणजे सगळ्या हालचालीच्या गोष्टी. दुसऱ्या एका ठिकाणी वायूला हर्ष आणि उत्साह या दोघांचे उगमस्थान म्हटले आहे. उत्साह म्हणजे टिकून राहण्याचे बळ असते तर चरकाने तो धृतीबरोबर कफात ठेवला नसता का? वात तर चंचल म्हणून प्रसिद्ध. या आक्षेपाने माझे म्हणणे मोडत नाही, पण त्याला नेमका आकार मिळतो, आणि म्हणून तो मोलाचा आहे. उत्साह म्हणजे नुसती सोशिकता नव्हे. सोशीक माणूस जागेवर राहून आघात घेतो. उत्साही माणूस तो आघात घेत पुढे सरकतो. सह् मध्ये सोसण्याचा भाग आहे आणि उद् मध्ये उठण्याचा. चरकाने उत्साह श्वासाशेजारी ठेवला हे त्या दृष्टीने किती अचूक आहे! श्वास ही हालचालच आहे, पण अशी हालचाल, जी माणूस जिवंत असेपर्यंत झोपेतही थांबत नाही. आणि हर्षाबद्दल म्हणावे तर, दोघांचा उगम एक सांगितला असला तरी नावे दोन घ्यावी लागली, कारण गोष्टी दोन होत्या. मनाच्या प्रसन्नतेसाठी चरकाजवळ प्रसाद हा वेगळा शब्द होता आणि तो त्याने पित्ताच्या कामांत घातला आहे.

धृती आणि उत्साह यांची जोडी कशी जमते, याचे उत्तर भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. तिथे कर्त्याचे तीन प्रकार आहेत. सात्त्विक कर्ता धृती आणि उत्साह या दोहोंनी युक्त, आणि काम साधले वा फसले तरी न बदलणारा. त्यानंतरच्याच श्लोकात राजस कर्ता येतो, फळाच्या ओढीने काम करणारा, आणि त्याचे एक विशेषण आहे हर्षशोकांनी युक्त असणे. उत्साह एका बाजूला आणि हर्ष दुसऱ्या बाजूला, अशी ही स्पष्ट वाटणी आहे. कारणही उघड आहे. हर्ष फळावर अवलंबून असतो, म्हणून त्याच्या मागोमाग शोक येतोच. उत्साह कामावर अवलंबून असतो, म्हणून फळ न मिळाले तरी तो टिकू शकतो. बौद्ध परंपरेतही हाच धागा आहे. आठव्या शतकात नालंदा महाविहारात राहिलेल्या शांतिदेवाने बोधिचर्यावतारात वीर्य या पारमितेची व्याख्या, चांगल्या गोष्टीविषयीचा उत्साह, अशी केली, आणि मग त्याचे शत्रू सांगितले: आळस, हीन गोष्टींची आसक्ती, आणि विषादातून येणारी स्वतःची अवहेलना. हे आपल्याच्याने होणार नाही, असे मनाने घेणे हा उत्साहाचा शत्रू. दुःखाचे नाव त्या यादीत नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ नक्की करायचा असेल तर त्याचा विरुद्धार्थी कोण ते पाहावे, आणि इथे भरत व शांतिदेव एकमेकांपासून इतके दूर असूनही दोघांनी बोट ठेवले आहे ते विषादावरच. आनंद नसलेला माणूस उत्साही असू शकतो. खचलेला माणूस असू शकत नाही.

मग हा शब्द जत्रेत कसा शिरला? प्राकृतात त्याचे उच्छाह झाले, पालीत उस्साह, अवधीत उछाह, आणि लोकांच्या तोंडी उत्सव आणि उत्साह ही रूपे एकमेकांच्या जवळ येत गेली. जुन्या मराठीत तर देवाच्या किंवा संताच्या वार्षिक सोहळ्यालाच उत्साह म्हणत. अमक्या देवाचा उत्साह म्हणजे त्याचा उत्सव. अशा सोहळ्यांना जे वातावरण असते त्याचा रंग शब्दाला लागला असावा, असे मला वाटते. दुसरे कारण शेजारपाजारचे शब्द. फारसीतून जोश आला, ज्याचा मूळ अर्थ उकळी. आवेश घरचाच, पण त्यात बाहेरून कोणीतरी आत शिरण्याची कल्पना आहे. इंग्रजीतला ‘एन्थुझिॲझम’ हा शब्दही तसाच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ अंगात देव असणे. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत तो चक्क दूषण होता. जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनावरील ग्रंथाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत त्यावर एक स्वतंत्र प्रकरण घातले, आणि ते प्रशंसेचे नाही. बुद्धीचा कौल बाजूला सारून स्वतःला ईश्वरी साक्षात्कार झाल्याचे मानणारी वृत्ती, असा त्याचा तिथला अर्थ आहे. पुढे त्या शब्दाला चांगले दिवस आले आणि मराठीत त्याला प्रतिशब्द म्हणून उत्साह रूढ झाला. उकळी बाहेरच्या आचेवर अवलंबून, अंगात येणे बाहेरच्या दैवतावर अवलंबून. उत्साहाच्या मूळ कल्पनेत असा बाहेरचा कोणी नाही. तिथे दाब बाहेरचा असतो आणि बळ आपले असते. ही वेगळी कल्पना त्या शेजाऱ्यांच्या गर्दीत पुसट झाली.

शब्दांचे अर्थ बदलतात, बोलणारे लोक ज्या अर्थाने शब्द वापरतात तोच खरा, जुन्या ग्रंथांचा हवाला देऊन लोकांना दुरुस्त करू नये, असे भाषाशास्त्राचा अभ्यासक म्हणेल. त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही, कारण मराठी बोलणाऱ्यांनी जुना अर्थ सोडलेलाच नाही. प्रोत्साहन हा शब्द पाहा. तो याच धातूचा, आणि प्रोत्साहन द्यावे लागते ते मागे पडणाऱ्या, अडखळणाऱ्या, सोडून द्यायच्या बेतात असलेल्या माणसाला; नाचणाऱ्याला ते कोणी देत नाही. निरुत्साही माणूस म्हणजे दुःखी माणूस नव्हे, हातात काम घ्यायला न धजणारा माणूस. आणि ऐंशी ओलांडलेली एखादी बाई अजून पहाटे उठून लेखन करते, शेतावर जाते, मुलांना शिकवते, तेव्हा ‘या वयातही काय उत्साह आहे!’ असे जे आपण म्हणतो, त्यात गजबजाट कुठेच नसतो. दुखणारे गुडघे, अंधूक नजर, गेलेली सोबतची माणसे या सगळ्या दाबापुढे तिचे रोजचे काम थांबलेले नाही, एवढेच आपण पाहिलेले असते. बातमीतला उत्साह आणि या बाईचा उत्साह हे आज एकाच रूपात राहणारे दोन शब्द आहेत. त्यांतला दुसरा ओळखता यावा, एवढीच माझी मागणी आहे.

तो ओळखण्याची कसोटी संस्कृत नाट्यविचारानेच एका अवघड उदाहरणावर लावून पाहिली आहे. हर्ष राजाच्या नागानंद नाटकातला जीमूतवाहन शंखचूड नावाच्या नागाच्या जागी स्वतः वध्यशिलेवर जातो आणि गरुडाला आपले शरीर खाऊ देतो. हातात शस्त्र नाही, प्रतिकार नाही, हालचालही नाही. असा नायक वीर कसा? काहींनी त्याला शांतरसाचा नायक ठरवले. दहाव्या शतकात धनंजयाच्या दशरूपकावर टीका लिहिणाऱ्या धनिकाने ते नाकारले. जीमूतवाहनाचे मलयवतीवर प्रेम आहे, शेवटी त्याला विद्याधरांचे चक्रवर्तिपद मिळते, आणि या दोन्ही गोष्टी वैराग्याशी जुळत नाहीत. म्हणून त्याचा स्थायी भाव दयावीराचा उत्साह हाच मानला पाहिजे, असा त्याचा निर्णय आहे. निश्चल पडून राहिलेल्या माणसाचा उत्साह! हे एकदा मान्य केल्यावर युद्धवीर, दानवीर, धर्मवीर, दयावीर एवढ्यावर थांबण्याचे कारण उरत नाही, आणि सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने रसगंगाधरात तसेच म्हटले. या चार प्रकारांना मर्यादा घालता येत नाही, सत्यवीर, पांडित्यवीर, बलवीर आणि क्षमावीरही मानावे लागतील, असे तो दाखवून देतो. क्षमा म्हणजे सोसणे. सह् धातूचा जिंकण्याचा अर्थ आणि सोसण्याचा अर्थ, जे ऋग्वेदानंतर हळूहळू वेगळे होत गेले होते, ते क्षमावीर या एका नावात पुन्हा एकत्र आले, आणि त्या दोहोंना धरून ठेवणारा स्थायी भाव म्हणून जगन्नाथाने नाव घेतले ते उत्साहाचे.